फुलांची सुगंधी तेले

गंगेच्या काठालगतचे कनौज हे नगर सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाची राजधानी होते. त्या वैभवाच्या खुणा आज फारशा शिल्लक नाहीत. शिल्लक आहे तो अत्तराचा धंदा. फेब्रुवारीच्या अखेरीस गुलाबाचा बहर सुरू झाला, की आसपासच्या शेतांतून पुरते उजाडण्यापूर्वीच फुले खुडण्याचे काम सुरू होते. ऊन चढण्याच्या आत फुलांची पोती कारखान्यात पोहोचली पाहिजेत, असा तेथला दंडक आहे. हा दंडक नुसत्या रूढीचा नव्हे. दिवस वर येऊ लागला, की पाकळ्यांतील तेल उडून जाऊ लागते आणि दुपारी खुडलेल्या फुलांतून पहाटेच्या फुलांच्या मानाने पुष्कळच कमी तेल हाती लागते. झाड तेच, फूलही तेच. परंतु काही तासांच्या विलंबाने मालाची किंमत उतरते.

ज्या द्रव्यासाठी ही धावपळ चालते त्याला आपण तेल म्हणतो खरे, पण तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. तिळाच्या तेलाचा थेंब कागदावर टाकला तर त्याचा तेलकट डाग कायमचा राहतो. लव्हेंडरच्या तेलाचा थेंब टाकला तर थोड्या वेळाने डाग जवळजवळ दिसेनासा होतो आणि खोलीत मात्र वास दरवळत राहतो. पहिल्या प्रकारची तेले स्थिर होत. ती मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांच्या संयोगाने बनलेली असतात. दुसऱ्या प्रकारची तेले बाष्पनशील होत. ती एकच एक द्रव्य नसून अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. एकट्या गुलाबाच्या तेलात रसायनशास्त्रज्ञांना तीनशेच्या आसपास घटक सापडलेले आहेत.

या घटकांचे परस्परांतील प्रमाण मोठे चमत्कारिक असते. गुलाबाच्या तेलाचा बराचसा भाग सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल आणि नेरॉल या अल्कोहॉलांचा असतो. त्यांच्या जोडीला काही मेणासारखी हायड्रोकार्बने असतात. त्यांना स्वतःचा असा वास नसतो. मात्र थंडीत तेल गोठते ते त्यांच्यामुळेच. परंतु सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल योग्य प्रमाणात मिसळले म्हणून गुलाबाचे तेल तयार होत नाही. अशा मिश्रणाला गुलाबाची आठवण करून देणारा वास येतो, इतकेच. खऱ्या गुलाबाचा गंध ज्यांच्यामुळे पुरा होतो त्यांपैकी डॅमॅस्कोन वर्गातील एक द्रव्य तेलात शेकडा एक भागाहूनही कितीतरी कमी असते. त्याचा शोध १९७० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे तेलाचे वजन ज्या घटकांमुळे भरते त्यांच्यामुळे त्याचा सुगंध भरतोच असे नाही. सुगंधी द्रव्यांच्या शास्त्रातील ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे भेसळीचा विषय येईल तेव्हा तिचा उपयोग होईल.

फूल हा खटाटोप माणसासाठी करीत नाही. परागण घडवून आणणाऱ्या कीटकांना बोलावणे हे त्या गंधाचे काम. म्हणूनच दिवसा फुलणाऱ्या गुलाबाचा गंध सकाळी भरात असतो, आणि रात्रीच्या पतंगांची वाट पाहणारा मोगरा संध्याकाळी उमलून अंधारात दरवळतो. तोडणीची वेळ माणूस ठरवीत नाही, ती त्या कीटकांनी ठरवलेली आहे.

डेग आणि भपका

पाण्यात फुले उकळून त्यांचे तेल वाफेबरोबर बाहेर काढणे याला ऊर्ध्वपातन म्हणतात. ही क्रिया वरवर सोपी दिसते. परंतु तिच्यामागील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. जिरॅनिऑल हे द्रव्य २३० अंश सेल्सियसच्या सुमारास उकळते. इतक्या उष्णतेत फुले करपून जातील आणि तेलाचाही नाश होईल. परंतु एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले, तर दोघांच्या बाष्पांचा दाब एकत्र होऊन वातावरणाच्या दाबाइतका झाला, की मिश्रण उकळू लागते. हे १०० अंशांच्या किंचित अलीकडेच घडते. पाण्याची वाफ अशा रीतीने आपल्यापेक्षा कितीतरी जड अशा सुगंधी द्रव्याला सोबत घेऊन वर येते, आणि थंड झाल्यावर दोघे पुन्हा वेगळे होतात.

कनौजमध्ये या कामासाठी जी साधने वापरतात त्यांच्या रचनेत शतकानुशतके फारसा फरक पडलेला नाही. विटांच्या आणि मातीच्या भट्टीवर तांब्याचे मोठे भांडे बसवलेले असते, ती डेग. डेगेत फुले आणि पाणी भरून वर झाकण ठेवतात, आणि कापूस व चिकणमाती एकत्र मळून त्याने झाकणाच्या सांधी लिंपून टाकतात. झाकणातून बांबूची पोकळ नळी निघते. तिला चोंगा म्हणतात. आतली उष्णता टिकावी म्हणून ती सुतळीने गुंडाळलेली असते. या नळीचे दुसरे टोक लांब मानेच्या, गोल पोटाच्या तांब्याच्या भांड्यात उतरते, तो भपका. भपका पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. या हौदाला तेथे गच्ची म्हणतात. मराठी वाचकाला त्या शब्दाने निराळेच काही आठवेल!

आता या पद्धतीतील खरी विशेष गोष्ट. भपका रिकामा नसतो. त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. डेगेतून येणारी वाफ भपक्यात थंड होते तेव्हा तिच्यासोबत आलेले फुलांचे तेल चंदनाच्या तेलात मुरते. चंदनाचे तेल सावकाश उडते, त्याला स्वतःचा मंद आणि गोडसर गंध असतो, आणि चंचल सुगंधांना धरून ठेवण्याचा गुण त्याच्या अंगी असतो. पाश्चात्य सुगंधशास्त्रात ज्याला स्थिरक म्हणतात ते काम येथे पहिल्या क्षणापासूनच चालू होते. अन्यत्र आधी तेल काढतात आणि मागाहून त्यात स्थिरक मिसळतात. कनौजच्या कारागिराने या दोन्ही क्रिया एकाच भांड्यात साधलेल्या आहेत.

भट्टीत लाकूड किंवा गोवऱ्या जाळतात. आच किती असावी हे सांगणारे कोणतेही यंत्र नसते. कारागीर भपका पाण्यात हलवून पाहतो, त्याच्या आवाजावरून आणि स्पर्शावरून तो किती भरला आहे याचा अंदाज घेतो. भपका पुरेसा भरला म्हणजे डेगेवर ओले फडके फिरवून वाफ क्षणभर दाबली जाते आणि दुसरा भपका जोडला जातो. पहिला भपका रात्रभर निवत ठेवतात. सकाळी तेल वर आणि पाणी खाली, असे दोन थर झालेले असतात. खालचे पाणी तळाच्या छिद्रातून काढून घेतात आणि ते फेकून न देता ताज्या फुलांबरोबर पुन्हा डेगेत घालतात, कारण त्यात विरघळलेला सुगंध वाया घालवणे परवडणारे नसते. चंदनाचे तेल मात्र त्याच भपक्यात राहते. असा क्रम पंधरा-वीस दिवस चालतो, आणि चंदनाच्या तेलाने पुरेसा सुगंध पिऊन घेतला असे कारागिराच्या नाकाने ठरवले, की अत्तर तयार झाले. पुढे ते चामड्याच्या कुप्पीत भरून ठेवत. चामड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून उरलासुरला ओलावा निघून जाई आणि तेल तेवढे मागे राही. या कुप्प्यांची जागा आता बहुतेक ठिकाणी काचेच्या आणि धातूच्या बाटल्यांनी घेतली आहे.

चंदनाचे तेल न घालता फुलांचे निव्वळ तेल काढले तर त्याला रूह, म्हणजे आत्मा, असे नाव आहे. रूह-ए-गुलाब एक किलो मिळवायला साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. यावरून बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या 'शुद्ध गुलाब तेला'च्या बाटलीत काय असू शकेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

याच भट्ट्यांवर फुलांचा लवलेश नसलेले एक अत्तर निघते, त्याचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. भाजलेल्या मातीचे तुकडे डेगेत घालून त्यांतून पहिल्या पावसाचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील बेअर आणि टॉमस या दोन शास्त्रज्ञांनी या वासाचा अभ्यास करून त्याला 'पेट्रिकोर' असे नाव दिले, तेव्हा उत्तर प्रदेशातील या 'मिट्टी'च्या अत्तराची दखल त्यांनी आपल्या लेखात घेतली होती. शास्त्राला नाव सुचले त्याच्या कितीतरी आधी कारागिराने तो वास बाटलीत भरलेला होता.

जुने ग्रंथ आणि एक बादशाही नोंद

सुगंधी द्रव्ये करण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती या नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून मिश्रणे केली तर ती १८२० प्रकारची होतात, असे त्यात सांगितले आहे. आजच्या गणितानेही उत्तर तेच येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी या विषयावरील विस्मृत ग्रंथांचा मागोवा घेतला. गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे दोन ग्रंथ त्यांनी उजेडात आणले. यांपैकी 'गंधवादा'वरील टीका मराठीत आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

गुलाबाच्या अत्तराविषयी एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे. नूरजहानने बागेतील कालव्यात गुलाबपाणी सोडले, उन्हाने त्यावर तेलाचा तवंग आला आणि अत्तराचा शोध लागला, असे सांगतात. प्रत्यक्ष जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहिलेली हकीकत याहून साधी आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा शोध नूरजहानचा नव्हे, तिच्या आईचा. ती गुलाबपाणी तयार करीत असताना गरम गुलाबपाणी ज्या भांड्यांत ओतले जाई, त्यांत वर साय धरल्यासारखा थर जमे. तो तिने थोडाथोडा करून गोळा केला. त्याचा सुगंध पाहून बादशहाने तिला मोत्यांची माळ दिली, आणि सलीमा सुलतान बेगम हिने त्या द्रव्याला इत्र-ए-जहांगिरी असे नाव ठेवले. हा थर म्हणजेच वर सांगितलेले, गारव्याने घट्ट होणारे गुलाबाचे तेल होय. शोधाचे श्रेय आईकडून मुलीकडे केव्हा आणि कसे सरकले ते कळत नाही. लोकांना प्रसिद्ध नावे आवडतात, हेच खरे.

जे फूल उकळता येत नाही

सर्वच फुले डेगेत घालता येत नाहीत. चमेली, मोगरा, निशिगंध ही फुले इतकी नाजूक असतात, की उकळत्या पाण्यात त्यांचा गंध बिघडतो. त्यातही चमेली व मोगरा यांचा स्वभाव गुलाबाहून निराळा आहे. ही फुले आपल्या तेलाचा साठा करून ठेवीत नाहीत. खुडल्यानंतरही ती काही तास गंध तयार करीत आणि सोडीत राहतात. त्यांना एकदम मारून टाकणे म्हणजे पुढल्या उत्पन्नावर पाणी सोडणे होय.

जौनपूर आणि गाझीपूर भागांतील तेलाच्या व्यवसायाने यावर काढलेली युक्ती फार सुंदर आहे. धुऊन साल काढलेल्या तिळांचा एक थर, त्यावर चमेलीच्या ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, असे थर देऊन ठेवीत. फुले रात्रभर गंध सोडीत आणि तीळ तो शोषून घेत. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुले काढून नवी घालायची. कित्येक दिवस असे केल्यावर ते तीळ घाण्यात गाळले, की केसांना लावायचे चमेलीचे तेल मिळे. फ्रान्समधील ग्रास या गावी हेच तत्त्व चरबी लावलेल्या काचेच्या तबकांवर वापरले जाई. तीळ आणि डुकराची चरबी यांत निवड करायची झाल्यास आपल्याकडील पद्धत अधिक स्वच्छ होती असे म्हणण्यास हरकत नाही.

आज व्यापारी प्रमाणावर हे काम विद्रावकांच्या साहाय्याने होते, आणि त्याचे भारतातील मुख्य क्षेत्र तमिळनाडू हे आहे. मदुराई, दिंडिगल, कोइमतूर या भागांत मोगऱ्याच्या कळ्या सकाळी खुडतात. बाजारात वेण्या-गजऱ्यांसाठी लागणारा माल गेल्यावर उरलेल्या कळ्या कारखान्यांकडे वळतात. तेथे त्या पसरून ठेवल्या जातात आणि संध्याकाळी उमलण्याची वाट पाहिली जाते. फुले उमलली, कारखान्याच्या आवारात वास कोंदला, की रात्री हेक्झेन या द्रवात ती भिजवतात. हेक्झेन उडवून टाकल्यावर मागे मेणासारखा घट्ट पदार्थ राहतो. त्याला व्यवहारात काँक्रीट म्हणतात. हजार किलो फुलांपासून तो अडीच-तीन किलो मिळतो. तो अल्कोहॉलात विरघळवून, गारठवून, मेण गाळून काढले म्हणजे ॲब्सोल्यूट हाती येते. ते काँक्रीटच्या साधारण निम्मे भरते. चमेलीच्या एक किलो फुलांत आठ ते दहा हजार फुले असतात आणि ती एकेक करून बोटांनीच खुडावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या द्रव्याची किंमत मुख्यतः माणसांच्या, आणि त्यातही स्त्रियांच्या, श्रमाची आहे हे पटेल.

चमेलीच्या गंधात इंडोल नावाचे एक द्रव्य असते. ते निव्वळ घेतले तर त्याचा वास विष्ठेची आठवण करून देतो. परंतु फुलात ते बेंझिल ॲसिटेट, लिनालूल आणि जॅस्मोन यांच्या संगतीत असते, आणि त्याला वगळून केलेली नकली चमेली बेचव आणि निर्जीव वाटते. संगतीचा हा परिणाम सुगंधकाराला शिकावाच लागतो.

केवड्याची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील समुद्रकाठची वने हे त्याचे प्रमुख क्षेत्र. सुगंध असतो तो नर झाडाच्या कणसात. कणसे लवकर नासतात म्हणून भट्ट्या गावोगावी, वनांच्या जवळच मांडलेल्या असतात. केवड्याचे पाणी मिठाईत आणि पुलावात, तर अत्तर पानमसाल्यात व तंबाखूत जाते. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन हे चक्रीवादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा या वनांची मोठी हानी झाली आणि केवड्यावर पोट असणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ लागली.

सुगंधकाराच्या हाती

फुलांची तेले हाती आली म्हणजे सुगंध तयार झाला असे नव्हे. उत्तम सुगंधाची घडण संगीतातील मैफलीसारखी काळात उलगडणारी असते. प्रथम लिंबाच्या जातीची, झटकन उडणारी द्रव्ये नाकाशी येतात. ती ओसरली, की फुले बोलू लागतात. गुलाब, चमेली, इलँग-इलँग यांचे स्थान या मधल्या भागात. शेवटी चंदन, वाळा, राळ यांसारखी जड द्रव्ये कित्येक तास रेंगाळतात. १९२१ साली पॅरिसमध्ये निघालेल्या 'शनेल नंबर ५' या प्रसिद्ध सुगंधात ग्रासची चमेली आणि गुलाब यांच्या जोडीला ॲल्डिहाइड वर्गातील संश्लेषित द्रव्ये मोठ्या प्रमाणात वापरली होती. फुलांना कृत्रिम द्रव्यांची जोड दिल्याने फुलांचे मोल कमी होत नाही, हे त्याने दाखवून दिले. पुढे १९६६ साली 'ओ सोव्हाज' या सुगंधात चमेलीच्याच घटकांच्या अभ्यासातून निर्माण झालेले हेडिओन हे द्रव्य आले. तेव्हापासून ते असंख्य सुगंधांत शिरले आहे.

संश्लेषित द्रव्य म्हणजे खोटे आणि घातक, नैसर्गिक म्हणजे खरे आणि निर्दोष, अशी सरळ विभागणी करण्याची प्रवृत्ती आजकाल वाढलेली दिसते. ती शास्त्राला धरून नाही. फेनिल एथिल अल्कोहॉल गुलाबातून आले काय किंवा प्रयोगशाळेतून आले काय, त्याचा रेणू तोच असतो. आक्षेप घ्यायचा तो कृत्रिम द्रव्य वापरण्याला नव्हे. ते घालून बाटलीवर 'शुद्ध फुलांचे' असे छापण्याला.

त्वचेवरील उपयोग आणि सावधगिरी

फुलांची तेले त्वचेसाठी वापरण्याचा प्रघात जुनाच आहे. त्याला 'ॲरोमाथेरपी' हे नाव मिळाले ते विसाव्या शतकात. रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे हात १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले, आणि जखमा चिघळल्यावर त्याने त्यांवर लव्हेंडरचे तेल वापरले. हे नाव शीर्षकात असलेला त्याचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. एका माणसाच्या अनुभवावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही, हे सांगितलेच पाहिजे. बाजारातील पत्रकांतून सुरकुत्या नाहीशा करण्यापासून डाग घालवण्यापर्यंत जे दावे केले जातात, त्यांपैकी फारच थोड्यांना भक्कम आधार आहे. लव्हेंडर, गुलाब यांसारख्या तेलांची काही जीवाणूंना रोखण्याची शक्ती प्रयोगशाळेत दिसून येते. परंतु काचेच्या तबकडीतील निष्कर्ष आणि माणसाची त्वचा यांत अंतर असते. सुगंधाने मनाला विश्रांती मिळते आणि मालिशीचा आनंद वाढतो, हा लाभ मात्र कोणी नाकारणार नाही, आणि तो कमी लेखण्याचेही कारण नाही.

या तेलांचे रेणू लहान आणि मेदात विरघळणारे असल्यामुळे ती त्वचेच्या बाह्य थरातून आत शिरू शकतात. त्यांचा गुण येतो तो याच मार्गाने, आणि दोषही याच मार्गाने. म्हणून निव्वळ तेल त्वचेवर कधीही लावू नये. खोबरेल, तिळाचे किंवा बदामाचे तेल घेऊन त्यात शेकडा एक-दोन भागांपेक्षा अधिक सुगंधी तेल मिसळू नये. चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मेच पुरे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर ३० मिलिलिटर तेलात सहा थेंब म्हणजे शेकडा एक भाग होतो. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ आल्यास ते तेल आपल्याला मानवत नाही असे समजावे. तान्ह्या मुलांना ही तेले लावू नयेत, आणि पोटात तर मुळीच घेऊ नयेत.

व्यवहारात जिला ॲलर्जी म्हणतात तिचा संबंध तेलाच्या शुद्धतेशी असतोच असे नाही. इलँग-इलँग आणि चमेली यांची अस्सल तेलेही काही जणांच्या त्वचेला सोसत नाहीत. लव्हेंडरमधील लिनालूल ताजे असताना सौम्य असते. परंतु बाटली वारंवार उघडली गेली, हवा आणि प्रकाश लागला, की त्यापासून पेरॉक्साइड जातीची द्रव्ये तयार होतात आणि त्वचा बिघडवणारी असतात ती हीच. वर्षानुवर्षे कपाटात पडलेली अर्धी बाटली जुन्या मधाप्रमाणे मुरत नाही, ती बिघडत असते. तेल गडद रंगाच्या, गच्च बुचाच्या लहान बाटलीत, थंड जागी ठेवावे. युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. लिनालूल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल ही फुलांत आढळणारी द्रव्ये त्या यादीत आहेत. २०२३ साली ही यादी आणखी मोठी करण्यात आली.

गुलाबपाण्याविषयी विशेष भीती बाळगण्याचे कारण नाही. ऊर्ध्वपातनात गुलाबातील फेनिल एथिल अल्कोहॉलचा मोठा भाग पाण्यात विरघळून राहतो. म्हणूनच गुलाबपाण्याचा वास कित्येकदा तेलापेक्षाही ताज्या फुलाच्या अधिक जवळचा वाटतो. ते त्वचेला गारवा देते. मात्र ते शेवटी पाणीच असल्यामुळे त्यात जंतू वाढू शकतात, तेव्हा बाटली उघडल्यावर ते फार दिवस ठेवू नये. आणि बाजारात साध्या पाण्यात कृत्रिम वास घालूनही 'गुलाबपाणी' विकले जाते, याचे भान ठेवावे.

चंदनाचा प्रश्न

कनौजच्या अत्तराचा पाया चंदनाच्या तेलाचा होता असे वर सांगितले. तो पाया आता डळमळलेला आहे. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवले, तेव्हापासून म्हैसूरच्या प्रदेशात झाड कोणाच्याही जमिनीत उगवले तरी त्यावर मालकी सरकारची राहत आली. १९१६ साली म्हैसूरला चंदनतेलाचा सरकारी कारखाना निघाला. परंतु आपल्या शेतातील झाडापासून लाभ नाही आणि चोरी झाली तर जबाबदारी मात्र आपली, अशा स्थितीत कोणता शेतकरी चंदन वाढवील? चोरटी तोड, चंदनावरील 'स्पाइक' हा रोग आणि ही मालकीची व्यवस्था या तिन्हींनी मिळून झाड विरळ केले. १९९८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना संकटप्रवण जातींत केली.

तेल महाग झाले तसे भपक्यात चंदनाच्या जागी दुसरी द्रव्ये येऊ लागली. लिक्विड पॅराफिन हे त्यांपैकी एक. ते तसे निरुपद्रवी, पण त्याला ना गंध ना सुगंध धरून ठेवण्याचा चंदनासारखा गुण. दुसरे डायऑक्टिल थॅलेट, हे प्लास्टिक मऊ करण्यासाठी वापरले जाणारे द्रव्य होय. प्रजननक्षमतेवरील दुष्परिणामांमुळे युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आहे. जे अत्तर मनगटावर, कानामागे थेट त्वचेला लावायचे, त्यात असे द्रव्य असावे ही गोष्ट गंभीर आहे. ग्राहकाला नाकाने हा फरक कळणे कठीण. पहिल्या तासात वास तर गुलाबाचाच येतो. अनेक प्रामाणिक अत्तरवाले हे उघड सांगतात आणि चंदनाचे व बिगरचंदनाचे अत्तर वेगळ्या भावाने विकतात. न सांगणारेही आहेत. कनौजला १९९१ साली स्थापन झालेल्या सुगंध व स्वाद विकास केंद्रात अत्तरांची तपासणी करण्याची सोय आहे. कनौजच्या अत्तराला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळालेली आहे. मात्र नावाला संरक्षण मिळाले म्हणून बाटलीतील द्रव्याला आपोआप संरक्षण मिळत नाही.

कर्नाटकाने २००१ साली आणि तमिळनाडूने त्याच्या पुढच्या वर्षी कायद्यात बदल करून जमीनमालकाला चंदनाच्या झाडाची मालकी दिली. तेव्हापासून खाजगी जमिनीत लागवड होऊ लागली आहे. परंतु चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. त्याला आपल्या मुळांनी शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नरस घ्यावा लागतो, म्हणून त्याच्याजवळ तूर किंवा तशीच दुसरी झाडे लावावी लागतात. तेल असते ते खोडाच्या गाभ्यात, आणि हा गाभा धरू लागायलाच दहा-पंधरा वर्षे जातात. उत्तम प्रतीच्या तेलासाठी झाड तीस वर्षांच्या आसपासचे असावे लागते. कायदा बदलल्यानंतर पहिल्या काही वर्षांत लावलेली रोपे अजून त्या वयाला पोहोचलेली नाहीत. तोवर कनौजच्या भट्ट्यांवर गुलाब दर वसंतात येत राहील, आणि भपक्यात काय घालायचे हा प्रश्न कारागिराला दर वर्षी नव्याने सोडवावा लागेल.